स्कीममधल्या नोटिसा आणि मीटिंग सगळ्यांपर्यंत कशा पोचवायच्या? नागपूरकरांनो, मदत करा

स्कीमवाला_मनीषनगर

नमस्कार मंडळी. मनीषनगरला आमची फ्लॅट स्कीम आहे, चार माळ्यांची, आणि मागच्या महिन्यात सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय (कोणी घेत नव्हतं म्हणून, निवडणूक वगैरे काही नाही झाली). तर प्रश्न असा की आमच्याकडे तिसऱ्या माळ्यावर एक काका राहतात, कोळसा खाणीतून रिटायर झालेले, काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, एकटेच असतात, मुलगी पुण्याला. आणि पहिल्या माळ्यावर एक तरुण जोडपं राहायला आलंय, दोघांनाही ऐकू येत नाही, खुणांच्या भाषेत बोलतात, दोघंही नोकरीवाले. आता स्कीमचा सगळा कारभार चालतो लिफ्टजवळच्या बोर्डावर आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि ग्रुपवर येतं काय तर त्याच बोर्डावरच्या कागदाचा फोटो. ऐनवेळी काही बदललं की चौकीदार खालून ओरडतो, "पाणी चाल्लं होऽऽ".

मागच्या आठवड्यात टाकी शनिवारी धुवायची ठरली होती, माणसं शुक्रवारीच आली, चौकीदार ओरडला आणि झालं. पहिल्या माळ्यावर दोघं दिवसभर बिनपाण्याचे. काकांनी आवाज ऐकला म्हणून बादल्या भरल्या, पण त्यांना शनिवारची मूळ नोटीस माहीतच नव्हती, कारण कागद वाचणार कोण. मीटिंगमध्येही तेच, जोडपं येतं, तासभर सगळ्यांच्या तोंडाकडे बघत बसतं आणि शेवटी रजिस्टर पुढे केलं की सही करतं. मी विषय काढला तर आमचे खजिनदार म्हणतात, "त्या पोराच्या वडिलांना मी फोनवर सांगतो ना सगळं, ते कळवतात." दुसरे एक जण म्हणाले की ब्रेलचा बोर्ड बनवून घेऊ, वर्गणी काढू, फोटो पेपरात देऊ.

मला तमाशा करायचा नाही, खर्चही फार झेपणार नाही. कोणाच्या घरी किंवा स्कीममध्ये असं कोणी असेल तर सांगा, नेमकं काय केलं की काम होतं? आणि हे विचारायचं कोणाला, घरच्यांना की त्यांनाच?

---

पांढरी_काठी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. त्यांनाच.

मी स्वतः अंध आहे, जन्मापासून, बँकेत नोकरीला आहे, प्रतापनगरला राहतो. हे टाइप मीच करतोय, दरवेळी कोणीतरी विचारतंच म्हणून सांगून ठेवलं. फोनमध्ये टॉकबॅक असतं, स्क्रीनवर जे आहे ते बोलून दाखवतं, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए आहे, तेही फुकट.

तुमच्या ग्रुपवरचे फोटो बंद करा, निम्मं काम तिथंच होईल. मला फोटो आला की ऐकू येतं "फोटो, सहा वाजून दहा मिनिटं", बस. आत लग्नपत्रिका आहे, श्रद्धांजली आहे की पाणी बंदची नोटीस, पत्ता नाही. फोटोतला मजकूर वाचणारी ॲप्स आहेत, छापील असेल तर बरं वाचतात, पण स्केचपेननं तिरपं लिहिलेलं काही त्यांच्या बापाला वाचता येत नाही. जे कागदावर लिहिता तेच चार ओळी मेसेज म्हणून टाइप करा, दोन मिनिटांचं काम. पीडीएफ पाठवत असाल तर ती कशी बनली ते बघा. डीटीपीवाल्याकडून जुन्या फाँटमध्ये, म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव वगैरे, टाइप करून आणली तर तुमच्या डोळ्यांना छान मराठी दिसतं पण आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, मग माझा फोन एबीसीडीचा नुसता चिवडा वाचतो. आमच्या ऑफिसातसुद्धा अजून असे कागद येतात. मोबाइलवर तुम्ही जे मराठी टाइप करता ते युनिकोड असतं, ते नीट वाचलं जातं. आणि ते सकाळचे मेसेज, ज्यात सुप्रभातच्या पुढे वीस हात जोडलेले असतात, ते माझा फोन एकेक करून वाचतो हो, सगळे वीस.

ब्रेल बोर्डाचं म्हणाल तर ज्यांनी सुचवलं त्यांना विचारा की काकांना ब्रेल येतं का. उतारवयात दृष्टी गेलेल्या बहुतेकांना येत नाही, मी अंध विद्यालयात शिकलो म्हणून मला येतं. तो बोर्ड पेपरातल्या फोटोसाठीच कामाला येईल.

बोलण्याचं सांगायचं तर एक किस्सा सांगतोच. मी आणि बायको पोहे खायला जातो, ठरलेला ठेला आहे, बायको डोळस आहे. ठेल्यावाला दर रविवारी तिला विचारतो, "साहेबांच्या पोह्यात तर्री जास्त टाकू का?" साहेब समोर उभे आहेत, तोंड शाबूत आहे, तर्रीवर ठाम मतं आहेत! पण विचारणार बायकोला. दवाखान्यात तेच, "यांना कधीपासून दुखतंय?" तुमच्या खजिनदारांचा फोनही त्यातलाच. दुसरा त्रास म्हणजे लिफ्टमध्ये "ओळखा बरं कोण?" हा खेळ. काकांशी बोलताना आधी आपलं नाव सांगा आणि निघताना "चाललो" म्हणा, नाहीतर माणूस रिकाम्या जिन्याशी बोलत उभा राहतो. हात धरून ओढू नका, कोपर पुढे करा, ते धरतील.

अजून एक, ज्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. कमिटीची निवडणूक चिठ्ठ्यांवर होत असेल तर काकांची चिठ्ठी कोण भरतं? विधानसभेच्या, लोकसभेच्या मतदान यंत्रावर बटणाशेजारी ब्रेल आकडे असतात, सोबत मदतनीस न्यायचा असेल तर तोही आपण निवडायचा. स्कीममध्ये मात्र खजिनदारच विचारतात, "काका, कोणाला टाकू?"

---

रोखठोक_नागपूरकर

राग मानू नका पण मला हे जरा अतीच वाटतं. आमच्या स्कीममध्येही एक व्हीलचेअरवाले गृहस्थ आहेत, आम्ही सगळे माणुसकीनं वागतो, कोणी ना कोणी उचलून नेतं, आजवर तक्रार नाही. मीटिंगला इथे कोरम होत नाही, तिथे आता खुणांच्या भाषेचा माणूस आणा, टायपिंग करा, नोटिसा बोलून दाखवा, कोण करणार हे? सेक्रेटरी बिचारा फुकट राबतो. आणि घरच्यांना सांगितलं तर बिघडलं काय, निरोप पोचल्याशी मतलब.

---

मानेवाडा_ताई

रोखठोक भाऊ, निरोप पोचत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे, शुक्रवारचं पाणी वाचलं नाही का वर. त्या पोराच्या वडिलांना फोन जातो, ते कळवतात त्यांना आठवलं तर, आणि जेवढं त्यांना महत्त्वाचं वाटलं तेवढंच.

माझे आईबाबा दोघंही बधिर. मी ऐकू येणारी, त्यामुळे चालायला लागल्यापासून घरची दुभाषी. गॅसवाला, शाळा, बँक, नातेवाईक, सगळ्यांचं मीच. आईचं ऑपरेशन होतं तेव्हा मी सातवीत होते आणि डॉक्टर मला समोर बसवून सांगत होते की गाठ आहे, तपासायला पाठवू, वाईटही निघू शकते, आईला समजावून सांग. सातवीतल्या मुलीनं. मी आईला सांगितलं "छोटी गाठ आहे, काढतील". तिला खरं काय ते फार उशिरा कळलं आणि तो राग तिच्या मनात आजही आहे, डॉक्टरांवर, माझ्यावर नाही. म्हणून घरच्यांमार्फत निरोप ही गोष्ट मला सोयीची म्हणून कधी पटतच नाही. नोकरी करणारी, घर चालवणारी दोन माणसं आहेत, त्यांच्या घराची गोष्ट त्यांच्या वडिलांना सांगायची म्हणजे काय? तुमच्या घराचं मेंटेनन्स तुमच्या बाबांना विचारतात का?

आता कामाचं. लोकांना वाटतं ओठ बघून कळतं. थोडं कळतं, फार नाही. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता "पाय", "बाय", "माय" म्हणून बघा, ओठ तीनदा सारखेच मिटतात. त्यात मिशी, तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारी), तोंडापुढे धरलेला हात. मीटिंगमध्ये आठ जण एकदम बोलतात तिथे तर विषयच संपला, मान वळवेपर्यंत बोलणारा बदललेला असतो. ओरडून उपयोग नाही, ओरडताना तोंड वाकडं होतं, मग होतं तेही कळत नाही. समोरून बोला, उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडू द्या, खिडकीकडे पाठ करून बसू नका. हाक मारायची तर हात हलवा किंवा खांद्याला हलकेच हात लावा.

दुसरा गैरसमज, "लिहून दिलं की झालं". दरवेळी नाही होत हो. जन्मापासून ऐकू न आलेल्या कित्येकांची पहिली भाषा खुणांची असते, मराठी ही नंतर, शाळेत, तीही कशीबशी शिकवलेली. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरणच वेगळं आहे, काळवेळ आधी येतो, कोण-काय-कुठे शेवटी येतं. माझ्या बाबांना "तरी सर्व सभासदांनी सहकार्य करावे व गैरसोयीबद्दल क्षमस्व" असली नोटीस दिली तर ते माझ्याकडे बघतात, आणि खरं सांगू, तसं मराठी कोणालाच नको असतं. असं लिहा:

शनिवार, १४ तारीख.
सकाळी ८ ते दुपारी २.
पाणी बंद.
शुक्रवारी रात्री भरून ठेवा.

अर्थात तुमचं जोडपं पदवीधर असेल, मराठी माझ्यापेक्षा फर्मास लिहीत असतील, तेही होऊ शकतं. म्हणूनच त्यांना विचारा, माझ्या आईबाबांवरून त्यांचं ठरवू नका.

मीटिंगसाठी, अजेंडा आदल्या दिवशी ग्रुपवर. एका वेळी एकानंच बोलायचं, हात वर करून. कोणाच्या तरी फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब लावा, गूगलचं आहे, फुकट, मराठी चालतं, बोललेलं स्क्रीनवर उमटत जातं. फोन बोलणाऱ्याच्या जवळ फिरवायचा. चुका करतं, आपल्या वऱ्हाडीची तर पार वाट लावतं, पण काहीच नसण्यापेक्षा शंभरपट बरं. महत्त्वाची मीटिंग असेल, लिफ्ट बदलायची, मोठा खर्च, तर दुभाषी बोलवा. तो प्रत्यक्षच यायला पाहिजे असं नाही, व्हिडिओ कॉलवरही काम होतं, आणि त्याचे पैसे द्यायचे असतात, तो समाजसेवा करायला बसलेला नाही. शंकरनगरला मूकबधिर विद्यालय आहे, तिथं विचारून बघा कोणी ओळखीचं आहे का, पण त्याच्याही आधी जोडप्याला विचारा, त्यांचा ठरलेला माणूस असू शकतो.

आणि थोडं तरी स्वतः शिका ना. दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे, २०१५ मध्ये सुरू झालं, त्यांचा दहा हजार शब्दांचा कोश व्हिडिओमध्ये आहे, यूट्यूबवर फुकट. पाणी, वीज, उद्या, बंद, मीटिंग, पैसे, जेवलात का. एवढ्यावर शेजार चालतो. माझ्या आईबाबांच्या गल्लीतल्या भाजीवाल्या मावशींना भाव, ताजं-शिळं, "आज मेथी नको" सगळं हातानं सांगता येतं, कोणत्या कोर्सला गेल्या नव्हत्या, दारावर येऊन येऊन शिकल्या.

---

तर्रीपोहा

ठेल्यावाल्याले काही म्हनू नका जी पांढरी काठी भाऊ, पन किस्सा बरोबर आहे

मी दुसरंच सांगतो. माह्या भाच्याले सिकलसेल आहे, रक्ताचा आजार. दिसाले धडधाकट पोट्टा, कालेजात जाते. आमच्याकडं लिफ्ट बंद पडली का खालचे लोकं म्हनतात "अबे तू तं जवान आहे, चढ ना, सिलिंडर पन घेऊन जा". आता त्याले कसं सांगा का लय दम लागला, पानी कमी पडलं, थंडी वाजली का त्याचं अंग असं दुखते का दवाखान्यात भरती करा लागते. अन् नागपूरचा मे महिना तुमाले माईतच आहे. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं, पैले सातच होते, त्याच्यात सिकलसेल आहे, थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे. आपल्या इदर्भात तं सिकलसेल घरोघरी सापडते, गडचिरोली, चंद्रपूर, इकडं नागपुरात पन. पन काठी नाई, खुर्ची नाई, म्हनून कोनी मानत नाई. कार्ड दाखवलं तं म्हनतात "पैसे देऊन काढलं का बे".

तं सेक्रेटरी साहेब, लिफ्ट बंद राहनार असन तं आदल्या दिवशी सांगत जा. कोनाले काहून पायजे ते इचारू नका. ज्याले माईत पायजे त्याले बरोबर कळते.

अन् रोखठोक भाऊ, त्या व्हीलचेअरवाल्याले इचारलं का कधी, का बाप्पा तुमाले उचलून नेलेलं आवडते का?

---

रोखठोक_नागपूरकर

नाही विचारलं. पण त्यांनीही कधी काही म्हटलं नाही.

---

पांढरी_काठी

चार जणांच्या हातावर लटकलेला माणूस त्या चार जणांची तक्रार कशी करेल भाऊ, जिना अर्धाच झालेला असतो.

---

कोर्टरोड_सिव्हिललाइन्स

वकील आहे, थोडक्यात सांगतो, फुकटचा सल्ला समजा.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, अंमलात आला एप्रिल २०१७ पासून. त्याच्या सुरुवातीच्या व्याख्यांमध्ये "संवाद" म्हणजे काय हे दिलंय, ते वाचण्यासारखं आहे. त्यात ब्रेल आहे, मोठी छपाई आहे, सांकेतिक भाषा आहे, दृकश्राव्य साधनं आहेत, आणि त्याच यादीत सोपी भाषा आहे आणि वाचून दाखवणारा माणूसही आहे. म्हणजे मानेवाडा ताईंनी जी चार ओळींची नोटीस लिहिली ती माणुसकीची गोष्ट तर आहेच, पण कायद्यानंही ती संवादाच्या व्याख्येत बसते.

स्कीमवाल्यांना उगाच घाबरवणार नाही. या कायद्यातल्या इमारतीच्या तरतुदींचा रोख सगळा सरकारी कचेऱ्या आणि लोकांची येजा असलेल्या इमारतींवर आहे, त्यात खाजगी इमारती आल्या, पण तुमचा राहता जिना थेट त्यात ओढणं सोपं नाही. मात्र कलम ९२ सगळ्यांना लागू आहे. चारचौघांत एखाद्या दिव्यांग व्यक्तीचा मुद्दाम अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आणि दंड. "कार्ड पैसे देऊन काढलं का बे" म्हणणाऱ्यांनी हे वाचून ठेवावं. तक्रारीसाठी पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचं कार्यालय आहे.

बाकी "माणुसकी आहे, कायदा कशाला" याला सुप्रीम कोर्टानंच उत्तर दिलंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्ट म्हणालं की इमारती, वाहतूक, वेबसाइट सुगम करण्याचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाही, काही किमान गोष्टी सक्तीच्याच पाहिजेत, आणि केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. मग एप्रिल २०२५ मध्ये बँकेच्या ऑनलाइन केवायसीचं प्रकरण आलं, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा म्हणतात ना ते, ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे गेलेल्या आणि अंध लोकांनी ते कसं करायचं? तिथे कोर्टानं डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग धरला, म्हणजे घटनेचं कलम २१. मर्जीवर सोडलं की काय होतं ते २०१५ पासून बघतोच आहोत आपण, डिसेंबरमध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झालं, रॅम्प बांधले गेले आणि रॅम्पच्या तोंडाशी लोकांनी ॲक्टिव्हा लावल्या.

---

तर्रीपोहा

ॲक्टिव्हा नाई तं पानठेला 😄

अन् रॅम्प पन कसे, निस्ती घसरगुंडी. एक फूट चढाले बारा फूट लांबी पायजे म्हनते नियम. आमच्याइकडं एक फुटाले तीन फुटाचा आहे, त्याच्यावरून स्कूटर पन धापा टाकते

---

खामल्याची_आई

दोन गोष्टी बोलून जाते, मुलगा झोपलाय तोवर.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, बोलत नाही. म्हणजे तोंडानं बोलत नाही, सांगतो सगळं. टॅबवर जेलो नावाचं ॲप आहे, आयआयटी मुंबईवाल्यांनी बनवलंय, चित्रांवर बोट ठेवलं की आवाज येतो, मराठीतही. त्यावर तो "पाणी दे" पासून "आजी जा" पर्यंत सगळं म्हणतो (आजीला अजून राग आहे त्याचा). स्कीममधली मुलं आधी लांब पळायची, आता त्याच्या टॅबवर त्यांचीच गर्दी असते, फक्त एक शिकवावं लागलं, की त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो, प्रश्न विचारून लगेच दुसरा विचारू नका, थांबा. मोठ्या माणसांना हे शिकवणं मुलांपेक्षा अवघड गेलं.

आणि गणपती. सेक्रेटरी आहात तर लिहून ठेवा. आमच्या मंडळात आरतीची वेळ आणि ढोलाची वेळ आता आधी ग्रुपवर येते आणि ती पाळतात. तेवढंच मागितलं होतं मी. ढोल बंद करा असं कधीच म्हटलं नाही, नागपुरात राहून तसं कोण म्हणेल, मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी तर आम्ही सकाळीच भावाकडे हिंगण्याला निघून जातो. कधी वाजणार एवढं कळलं की मी त्याला अर्धा तास आधी कानावरचे हेडफोन घालते, चित्र दाखवते की आता ढोल, मग प्रसाद, मग घर. न सांगता धाडकन सुरू झालं की पुढचे दोन दिवस तो झोपत नाही, मग मी पण नाही. पहिल्या वर्षी एक गृहस्थ म्हणाले, सवय लावा त्याला. मी म्हटलं तुम्ही सवय लावा, वेळ सांगायची.

---

स्कीमवाला_मनीषनगर

बापरे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. इथलं वाचून काल संध्याकाळी दोन्ही घरी जाऊन आलो, तर थोडं वेगळंच निघालं, ते सांगतो.

काकांकडे स्मार्टफोनच नाही. बटणवाला फोन आहे आणि तो त्यांना बोटांनी पाठ आहे, बदलायची इच्छा नाही, मुलीनं दिलेला मोठा फोन खोक्यात तसाच आहे. म्हणजे टाइप केलेला मेसेजही त्यांच्या उपयोगाचा नाही (तरी फोटो बंद करतोच, दुसऱ्या माळ्यावरच्या आजींनी आजच सांगितलं की त्यांनाही तो कागद कधी वाचता येत नव्हता, मोतीबिंदू). काका म्हणाले, "फोन कर, एक मिनिट बोल, पुरे." आणि मग हळूच म्हणाले की वर्षाचा हिशेब मात्र कोणीतरी बसून ओळ न् ओळ वाचून दाखवा, दोन वर्षं झाली, कोणी "सगळं बरोबर आहे काका" याच्या पुढे काही सांगितलं नाही. खाणीत हिशेबाच्याच खात्यात होते म्हणे. रविवारी मी बसणार आहे त्यांच्याकडे कागद घेऊन, खजिनदारांनाही बोलावलंय, ते जरा चुळबुळ करतायत.

पहिल्या माळ्यावर आमच्या गप्पा म्हणजे अर्ध्या फोनवर टाइप करून अर्ध्या हातवारे करून झाल्या. मराठी दोघांचंही चांगलं आहे, लिहिलेलं चालतं, पण मीटिंगमध्ये काय बोलणं झालं ते त्याच दिवशी रात्री लिहून पाठवा म्हणाले, महिन्यानं रजिस्टरमध्ये नको. लाइव्ह ट्रान्सक्राइब त्यांच्याकडे आधीपासून आहे, फक्त आमच्या मीटिंगमध्ये लोक एकमेकांच्या वर बोलतात म्हणून ते वेड्यासारखं लिहितं, मला मागच्या मीटिंगचं दाखवलं, "टाकी साहेब मेंटेनन्स खा तुम्ही" असं काहीतरी होतं. आणि एक निघालं जे कोणालाच माहीत नव्हतं, आल्यापासून ते पार्किंगचे पैसे भरतायत आणि त्यांना जागाच दिलेली नाही, गाडी रस्त्यावर उभी असते. मीटिंगमध्ये त्यांनी दोनदा चिठ्ठी लिहून दिली होती म्हणे. ती चिठ्ठी रजिस्टरमध्ये खोचलेली सापडली मला आज सकाळी.

रोखठोक भाऊ, वेळेचं म्हणाल तर अजून तरी फार गेला नाही. फोन एक मिनिट, मेसेज दोन मिनिटं. एका वेळी एकानं बोलायचा नियम लावला तर मीटिंग लांबेल की आटपेल ते रविवारनंतर कळेल.

आता एक राहिलं. पहिल्या माळ्यावरच्या दोघांना दाराची बेल ऐकू येत नाही, कुरिअरवाले परत जातात, परवा चौकीदार रात्री गॅसचा वास येतो म्हणून दार वाजवून वाजवून थकला, शेवटी खिडकीतून टॉर्च मारला. लाइट लागणारी बेल असते असं ऐकलं, कुठे मिळेल आणि कोण लावून देईल?

---

तर्रीपोहा

सीताबर्डीले मोदी नंबरच्या गल्ल्यात इचारा, नाई तं इतवारीत इलेक्ट्रिकच्या दुकानात. वायरलेस पन भेटते, बटन दाबलं का लाइट चमकते. रेडिमेड नाई भेटली तं कोनताई इलेक्ट्रिशियन साध्या बेलच्या वायरवर एक बल्ब जोडून देते, लय मोठं काम नाई

---

मानेवाडा_ताई

बल्ब एकच लावू नका. आमच्याकडे हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात एक, बेडरूममध्ये एक असे तीन आहेत, आई कणीक मळत असली की हॉलचा दिसत नाही. रंगीत घ्या, पांढरा दिवसा कळत नाही. रात्रीसाठी उशीखाली ठेवायचं थरथरणारं यंत्र मिळतं, गॅससारख्या गोष्टीसाठी ते जास्त महत्त्वाचं, झोपेत बल्ब कोण बघतं. गॅस आणि धुराचा अलार्मही त्यालाच जोडता येतो का ते इलेक्ट्रिशियनला विचारा, आणि एक किल्ली विश्वासाच्या शेजाऱ्याकडे ठेवायची का ते त्या दोघांना विचारा. आणि त्यांची चिठ्ठी सापडलीच आहे तर आजच पार्किंगचं उत्तर लिहून द्या, रविवारपर्यंत थांबू नका.